उजव्या कानात सांगितलेलं

अमरावती,
२८ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
मोहिनीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

सवयीने ‘ती. सौ.’ लिहायला गेले आणि पेन तिथंच थांबलं. आण्णांना जाऊन महिना उलटला, पण हाताला ते कळत नाही. त्यांना फोनवर ऐकू यायचं नाही म्हणून आपल्या घरात पत्रंच चालली. आता मनातलं काही बोलायचं तर मला कागदच लागतो.

द्राक्षाची छाटणी सुरू झाली का? रवीला म्हणावं, औषध फवारताना तोंडाला रुमाल बांध, आता आण्णा नाहीत ओरडायला. इकडे सगळे मजेत. सायली म्हणते, आई, तू भाजीत मीठ कमी पडलंय हेसुद्धा सभेत भाषण केल्यासारखं सांगतेस.

हल्ली पहाटे एकच स्वप्न पडतं. मळ्यात धुकं असतं. मांडवाखाली आण्णा पलटणीतली हिरवी जर्सी घालून बसलेले असतात. मी बोलत राहते, ते हसून मान डोलावतात. मग लक्षात येतं, मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलेय. एकाहत्तरच्या लढाईत तोफेच्या आवाजाने निकामी झालेला तो कान. जाग येते तेव्हा घसा दुखत असतो.

आई, आज सांगूनच टाकते. मी नऊ वर्षांची असताना दिवाळीत आण्णांच्या पाठीमागे सुतळी बॉम्ब फुटला होता. धाकट्या रवीला पोटाशी धरून ते अंगणात पालथे पडले. गल्ली हसली, मीही हसले. मार शेजारच्या महेशने खाल्ला, पण वात मी लावली होती. तेव्हापासून दर दिवाळीला संध्याकाळी ते एकटेच मळ्यात जाऊन बसायचे. माझ्यामुळे त्यांची दिवाळी गेली, हे अडतीस वर्षं मनात सलतंय.

दवाखान्यात तू चहा आणायला गेलीस तेव्हा मी त्यांच्या कानात हळूच सगळं कबूल केलं, माफी मागितली. पण खाट भिंतीला लागलेली, डावा कान तिकडे. बोलले ती उजव्याच कानात. खरं सांगू? ऐकू येईल अशा कानात बोलायची हिंमतच नव्हती. ते डोळे मिटून पडले होते. आठ दिवसांनी गेले.

त्यांनी ऐकलं का गं? तुला काही बोलले का? नसतील बोलले तर तसंच लिही, खोटं समाधान नको.

तब्येतीला जप. रागावलीस तरी पत्र मात्र धाड.

तुझी,
मोहिनी

---

दिंडोरी,
४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मोहिनीस,
आईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. पोस्टमन अजून दारातून हवालदारसाहेब म्हणून हाक मारतो, मग जीभ चावतो. मला बरंच वाटतं. छाटणी अर्धी झाली. रवी रुमाल बांधत नाय, चाळिशी ओलांडली तरी हेका जात नाय त्याचा.

आता तुझं. अगं येडे, तू हळूच बोललीस? आपल्या घरात हळू बोलायला शिकलंय कोण? यांच्यापायी आपण जन्मभर ओरडतच बोललो. मी थर्मास घेऊन जिन्यात होते, तिथं मला शब्द न् शब्द ऐकू आला. शेजारच्या पेशंटची बायको लंकाबाई पदराने डोळे पुसत होती. सिस्टर धावत जिन्यात माझ्याकडे आली, दवाखान्यात बॉम्ब कोणी लावला म्हणून. यांचा डावा कान अर्धामुर्धा तरी चालू होता. त्यांना कसं नाय ऐकू जाणार?

तू गेल्यावर त्यांनी कागद मागितला. दोन दिवस थोडं थोडं लिहिलं आणि मला पोस्टात टाकायला सांगितलं.

मी नाय टाकलं, मोहिनी. टाकू टाकू म्हणेपर्यंत ते गेले, आणि त्यांच्या हातचं शेवटचं एवढंच राहिलं. घराबाहेर जाऊ द्यायचा धीर होईना. उशीखाली ठेवलं, रोज वाचलं, मलाच लिहिलंय असं समजून. तिकडं तू अशी झुरत असशील हे मला काय ठाऊक! लय चुकलं माझं. तुझं तुला धाडते. दिवाळीला येशील तेव्हा सोबत आण, मला पुन्हा वाचायचंय.

जावईबापूंना आशीर्वाद, सायलीला पापा. आईवरची माया कमी करू नको.

तुझी,
आई

---

नाशिक, दवाखाना,
१४ ऑगस्ट २०२५

चि. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

ऐकलं. पण मला तेव्हाच माहीत होतं. तोफखान्यातला माणूस आधी पळतं कोण ते बघतो. तुझा हिरवा परकर दिसला होता. महेशला दुसऱ्या दिवशी मी अनारसे देऊन आलो.

मळ्यात जायचो ते तुझ्यामुळे नाही. आवाजाची भीती लढाईतून घेऊन आलो होतो. गावापासून लपवायचो. तू ती उघडी पाडलीस, मग लपवायचं कारणच उरलं नाही. बरं वाटलं, पोरी.

मांडवाखालून गावातले सगळे दिवे दिसतात आणि आवाज एकही पोचत नाही. अशी दिवाळी तुला दाखवायची राहिली. यंदा ये. फुलबाज्या आण.

आणि माझ्या डाव्या बाजूला बस.

तुझा,
आण्णा