वासाचा रकाना

डोंबिवली (पूर्व)

तीर्थरूप सखारामकाकांस,

महिपतचा वाकून नमस्कार (कंबर धरलीये, तरी वाकलो असं समजा). खडवलीला हवा कशी आहे? गुडघ्याला तेल लावता ना? मी आणि शालू, दोघंही बरे आहोत. माझी लॅबमधली जागा मात्र मागच्या आठवड्यात जाता जाता राहिली, तेच सांगायला बसलोय.

आमच्या लॅबमध्ये औषधासाठी यीस्ट वाढवतात. किती साखर, किती ऊब दिली की ते नीट वाढतं, याचे प्रयोग चालतात. अकरा वर्षं दर तासाला टाकीपाशी जाऊन रीडिंग वहीत उतरवायचं काम माझं. आता यंत्राचा हात आलाय. तो स्वतः सॅम्पल काढतो, आकडे थेट कॉम्प्युटरवर जातात (आणि तो चहाला जात नाही, हे अनिमेषसाहेबांनी मला दोनदा ऐकवलं). पहिला प्रयोग यशस्वी झाला की माझी बदली गोदामात, असं ठरलेलं.

प्रयोग फारच यशस्वी झाला. स्क्रीनवरची आंबटपणाची रेघ तीन दिवस जराही हलली नाही. साहेबांनी तिचा फोटो वरिष्ठांना धाडला. मी शेजारून गेलो, तर टाकीकडून उतरलेल्या पिठासारखा वास. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, स्क्रीनवर सगळं हिरवं आहे. मग आकडे सांभाळणाऱ्या अमृताबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, सिस्टीममध्ये वासाला रकानाच नाही. गोदाम टाळायला बोलतोय असं त्यांना वाटणार होतं, तरी मी म्हटलं,

“मग बाई, तुम्ही स्वतः एकदा वास घ्या.”

बाई आल्या, नाकाला रुमाल लावला आणि कॉम्प्युटरपासूनची वायर चाचपत गेल्या. ती टाकीतल्या प्रोबला, म्हणजे आंबटपणा मोजायच्या कांडीला, जोडलेलीच नव्हती. शेजारच्या बाटलीत, प्रोब तपासायच्या द्रावणात, एक जादा प्रोब बुडवलेला, त्याला होती. तीन दिवस कॉम्प्युटर त्या बाटलीची तब्येत बघत होता, आणि इकडे टाकीतल्या यीस्टने मान टाकलेली.

बदली रद्द झाली. सिस्टीममध्ये वासाचा रकाना आला, आणि तो भरायला दिवसातून चारदा मी नाक घेऊन जातो (हुद्दा अजून ठरायचाय). काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या,
महिपत

ता. क. : ती वायर पुसापुशी करताना मीच चुकून बदललेली. बाईंना खरं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, नुसती वेळेसकट नोंद केली. ते जास्त लागलं.

आणखी ता. क. : माझ्या जुन्या वह्याही आता कॉम्प्युटरवर चढवायच्यात. पहिलं पान उघडलं, तर माझं अक्षर मलाच लागेना. शाळेत माझे पेपर वाचू शकलेले मास्तर तुम्ही एकटेच, तेव्हा नक्की या. शालूला मी सांगितलंय, काका चार दिवस राहायला येतायत. वह्या एकेचाळीस आहेत.