देशकर सरांचं मार्गदर्शन

देशकर सर,

'आदरणीय' लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही.

परवा विभागात तुमची शोकसभा झाली. फोटोला हार घातला आणि एकामागून एक माणसं उठून सांगू लागली, सरांनी किती मुलांना वाट दाखवली! माझं नाव पुकारलं तेव्हा घसा बसलाय असं मी खुणेनं सांगितलं. घसा ठणठणीत होता. जे बोलायचं होतं ते त्या हारासमोर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. आता तुम्ही मला मध्येच तोडू शकत नाही, एवढी तरी सोय तुमच्या जाण्यानं झाली.

तुमच्या विभागात मी पुढे शिकवायला लागले आणि तुम्ही मला 'सुमनताई' म्हणायला लागलात. पण आज लिहितेय ती उमरेडच्या कोष्ट्याची पोर, आणीबाणीच्या आधीच्या वर्षी एम.ए.च्या शेवटच्या वर्गात होती ती.

दर मंगळवारी अकरा ते बारा तुमचा मार्गदर्शनाचा तास. समाजशास्त्राचे कोणते पेपर घ्यायचे ते तिथे ठरायचं, आणि पुढे नोकरी कसली मिळेल तेही त्यावरच. आम्ही दाराबाहेर रांगेत, तुम्ही आत अडकित्त्यानं सुपारी कातरत. प्रश्न दोनच. गाव कोणतं? वडील काय करतात? उत्तर संपायच्या आत तुमचं पेन फॉर्मवर फिरायचं. पोरगा धरमपेठेसारख्या बड्या वस्तीतला असला तर सांख्यिकी. खेड्यातला असला तर ग्रामीण समाजशास्त्र. मुलीला तर गावही विचारायचं नाही, सरळ 'कुटुंब आणि विवाह'! जन्मावरून माणसाची जागा कशी ठरवली जाते, हे वर्गात शिकवायचा पगार घेत होतात ना तुम्ही? मग बारा वाजेपर्यंत तेच स्वतः करताना जीभ कशी चावली गेली नाही?

शालिक माझ्याच एस.टी.नं यायचा. उमरेडजवळच्या खेड्यातला. वडील कोळशाच्या खाणीत. आजोबांनी छप्पन साली इथेच, नागपुरात, दीक्षा घेतलेली, आणि तेव्हापासून घरात एकच हट्ट, पोरगं शिकलं पाहिजे. गणितात त्याचं डोकं असं चालायचं, की बसमध्ये कंडक्टरही त्याला विचारून हिशेब जुळवायचा.

तो तुमच्यापुढे उभा राहिला तेव्हा रांगेत त्याच्यामागे मीच होते.

"सर, मले सांख्यिकी घ्यायची हाये."

"मला म्हण, मला," तुम्ही म्हणालात. मग दोन प्रश्न झाले. मग सुपारीचं खांड तोंडात टाकून तुम्ही म्हणालात, "तुला कशाला रे सांख्यिकी? तुम्ही लोक म्हणजे स्वतःच आकडेवारी. मोजायला दुसरे आहेत."

आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसलात. रांगेतले दोघे-तिघेही हसले. मी हसले नाही, मान खाली घातली. फार फरक नाही त्यात.

तुम्ही त्याला 'ग्रामीण समाजशास्त्र' आणि 'मागासवर्गीयांचे प्रश्न' असे दोन पेपर लिहून दिलेत. प्रॉस्पेक्टसमध्ये हे दोन्ही एकाच गटात होते, आणि एका गटातले दोन पेपर घेता येत नाहीत असं त्याखालीच छापलं होतं. तुम्ही ते पान कधी वाचलंच नव्हतं. विभागप्रमुख होतात सर! ते पुस्तक तुमच्याच टेबलावर पडलेलं असायचं, त्याच्यावर तुम्ही पानाचा डबा ठेवायचात.

ते पान मी वाचलं. तुमचा 'कुटुंब आणि विवाह' मला नको होता, म्हणून मी वाचनालयात बसून नियम शोधले. विषय बदलायला प्रमुखाची परवानगी लागत नाही, एवढं कळल्यावर गुपचूप खोडून सांख्यिकी लिहिलं. त्याच पानावर शालिकची चूकही मला दिसली.

मी त्याला सांगितलं नाही. तो नियम घेऊन तुमच्याकडे आला असता, तर कुणी दाखवला हे तुम्ही विचारलं असतं, आणि मग माझा फॉर्म काढून बघितला असता. नियम माझ्या बाजूनं होता, पण गुण तुमच्या हातात होते. मनाची समजूत घातली, सरांनी काही खास परवानगी घेतली असेल. तुम्ही! खास परवानगी! आज हसू येतं.

परीक्षा दोन महिन्यांवर आली तेव्हा शालिकचा फॉर्म लाल शाईनं भरून परत आला. तो धावत तुमच्याकडे गेला. तुम्ही फॉर्म उलटून बघितलात आणि म्हणालात, "सही कुणाची आहे? तुझी ना? मग मला काय विचारतोस?"

वर्ष गेलं. वर्ष गेलं म्हणून शिष्यवृत्ती गेली. वडिलांना तेव्हाच खोकल्यानं खाटेवर टाकलं होतं. शालिक नागपूरबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या लिहायला लागला, म्हणजे कोणता माल कोणत्या ट्रकनं कुठे चाललाय ते. आजही तेच करतो.

तुम्ही निवृत्त झालात आणि तो मंगळवारचा तास माझ्याकडे आला. तेव्हा विद्यापीठाच्या कचेरीत चौकशी केली. कळलं, की चूक विभागाची होती असं त्या वेळच्या प्रमुखानं लिहून दिलं, तर जुन्या विद्यार्थ्याला राहिलेली परीक्षा देता येते, बाद झालेल्या पेपरऐवजी दुसरा घेऊन. दोन ओळींचा कागद घेऊन मी धंतोलीच्या दवाखान्यात तुमच्याकडे आले. हात इतका वाळला होता तुमचा, की पेन धरवणार नाही असं वाटून मी विरघळलेच. मग नर्सनं चहा आणला आणि कपबशी तुम्ही अगदी नीट उचललीत.

"सुमनताई, जाता जाता माझ्या नावाला काळं कशाला?" तुम्ही म्हणालात. "आणि डिग्री घेऊन करणार काय आता तो? गोदामात बरा आहे ना?"

त्याचं नावसुद्धा विचारलं नाहीत. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. दहा दिवसांनी तुम्ही गेलात.

कचेरीतले बाबू म्हणाले, "आता सर तर राहिले नाहीत. त्या वेळचं दुसरं कुणी साक्षीला आहे का?"

होतं ना. मी होते. पण साक्ष द्यायची तर मला तेव्हाच सगळं माहीत होतं हेही सांगावं लागणार, आणि ते आधी शालिकला सांगायला हवं होतं. काल वाडीला गेले. गोदामाच्या दारात टेबल टाकून तो बसला होता, कानशिलावरचे केस पांढरे. सगळं सांगितलं.

"तुले तवाच मालूम होतं?"

"हो."

"मंग काहून नाही सांगितलं वं?"

"माझा फॉर्म धरला जाईल म्हणून."

एक ड्रायव्हर येऊन उभा राहिला. शालिकनं त्याची बिल्टी पुरी केली, फाडून दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "इतके वर्सं मी सोतालेच शिव्या देऊन राहिलो. मीच येडा, नियम वाचला नाही म्हणून."

त्यानं पाणी मागवलं, मीच प्यायले.

निघताना त्यानं हाक मारली. "सुमन, पेपर देतो मी. पण सांख्यिकीचाच देईन. त्या म्हाताऱ्यानं लिहून देलेला नाही."

सर, तुमच्या इतक्या वर्षांच्या मार्गदर्शनात असं एक तरी सरळ वाक्य निघालं का हो?

माझा अर्ज लिहून तयार आहे. पहिल्या परिच्छेदात मी काय लपवलं ते आहे, दुसऱ्यात तुम्ही काय केलंत ते. पुढच्या महिन्यात माझी बढतीची मुलाखत आहे आणि समितीवर तुमचेच दोन शिष्य बसणार आहेत. गेलेल्या माणसाविषयी असं लिहू नये, असं ते म्हणतील. जिवंत होतात तेव्हा तरी ते कुठे लिहू देत होते?

तर वचन देते. उद्या कचेरी उघडली की अर्ज देईन, पोचपावती घेईन आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. ना तुमच्याबद्दलचा, ना माझ्याबद्दलचा.

तुमची विद्यार्थिनी, नाइलाजानं,
सुमन