अब्बांनी गुंडाळलेली कॉइल

२४ नोव्हेंबर १९९७
आज पुन्हा चिकटला! दिवाळीनंतर तीन आठवडे लोखंडी गोळा विजेच्या चुंबकाखाली हवेत छान तरंगत होता. आता रोज अकराच्या सुमाराला वर उसळतो, चुंबकाला चिकटतो आणि चुंबकावरची तारेची कॉइल हात लावू नये इतकी तापते. गोळा खाली आला की सेन्सरवर उजेड जास्त पडतो, वीज वाढते. वर गेला की कमी होते — मुलांना फीडबॅक दाखवायचा तो हाच. वीस डिसेंबरला विज्ञानकेंद्रात प्रदर्शनाचं उद्घाटन.

२५ नोव्हेंबर
केंद्राचे प्रमुख श्रीनिवास सरांनी विचारलं, कॉइल कुणाची? वडिलांची, म्हटलं. एकेचाळीस वर्षं कसब्यात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे त्यांचं.
"अच्छा, म्हणजे घरचंच काम," सर म्हणाले.

२७ नोव्हेंबर
अब्बांना विज्ञानकेंद्रात बोलावून घेतलं. मीच. सर्किट माझं, ते ठीकच आहे असं मी सरांना सांगून बसले होते. सर म्हणाले, आतले वेढे शॉर्ट झालेत. अब्बांनी कॉइल हातात घेऊन फिरवली. माझ्याकडे बघितलं.
"असेल साहेब. नजर गेलीय माझी."
मी वहीत ‘कॉइल बदलणे’ असं लिहून घेतलं.

३ डिसेंबर
भोसरीच्या कारखान्यातून यंत्रावर गुंडाळलेली कॉइल आली. बसवली.

४ डिसेंबर
अम्मी सांगत होती, अब्बा आठवडाभर दुकानात गेलेले नाहीत.

९ डिसेंबर
नवी कॉइलही रोज अकरालाच तापतेय.
आज खुर्ची ओढून समोरच बसून राहिले होते. अकराला दहा कमी असताना दक्षिणेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप आली — थंडीत सूर्य खाली उतरतो, तशी थेट सेन्सरवर. त्याला वाटतं गोळा पडतोय, म्हणून वीज वाढतच जाते! खिडकीला पुठ्ठा लावला, अब्बांची कॉइल परत बसवली. गोळा संध्याकाळपर्यंत तरंगला. कॉइल जेमतेम कोमट.
जागा मी निवडली होती. खिडकीचा विचार मी केला नव्हता.

१० डिसेंबर
सकाळीच कसब्यात गेले. दुकानात कुणी अनोळखी माणूस टेप घेऊन भिंत मोजत होता. झेरॉक्स टाकणार आहे म्हणे. वाइंडिंगचं मशीन रविवारीच भंगारात गेलं. दुकानाच्या करारावर अब्बांची सहीसुद्धा झाली.
घरी अब्बा मटार सोलत बसले होते. "लवकर आलीस?" एवढंच विचारलं. शेजारी बसून मटार सोलले आणि केंद्रात परत आले.

११ डिसेंबर
आज सांगून टाकलं. सगळं.
अब्बा म्हणाले, "मला ठाऊक होतं, नजमा. देण्याआधी तीनदा तपासली होती मी कॉइल. पण तुझे साहेब समोर होते. आपल्या दोघांपैकी एकाची चूक निघणारच होती."