एक लाख एक वाती

३ ऑक्टोबर १९५८
हे आज काठीशिवाय विहिरीपर्यंत चालले. टायफॉईडमध्ये बोललेला नवस फेडायला हवा. त्रिपुरी पौर्णिमेला महादेवापुढे लाख वाती, वर एक, कारण देवाचं काही शून्यावर थांबवत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, वळणाऱ्या प्रत्येक हाताला वाटा सारखा हवा, एका वातीचा फरक झाला तरी नवस बाधतो, ताप उलटतो. त्यात काय! मॅट्रिकला गणितात साठ मार्क होते.

४ ऑक्टोबर, दुपारी
आम्ही तिघी. मी, जाऊबाई, माझी नलू. तिनाने भागून दोन उरतात. शेजारची काशी धरून चौघी, तर एक उरते. पाचानेही एक. सहाने पाच. साताने सहा. पाटी भरली, पुसली, भरली. जाऊबाई म्हणाल्या, अगं मॅट्रिकबाई, ती वरची एक चुलीत टाक ना! मला ऐकू आलं नाही.

६ ऑक्टोबर
आठ, नऊ, दहा, कुणी दाद देईना. अकराने भाग गेला! नऊ हजार एक्क्याण्णव, बाकी शून्य. रुद्रही अकराच. महादेवाने भागाकार करूनच ठेवला होता. अकरा बायका सहज जमतील. चहा गुळाचा, कोरा.

१२ ऑक्टोबर
दहाच आल्या. सगळ्यांना सुपारी सोलायची आहे. आवडाबाई म्हणाली, चहात दूध पडलं तर येते. पडलं.

२ नोव्हेंबर
काशी बाजूला बसली. जाऊबाई म्हणाल्या, तिच्या आपण दहाजणी वळू. दहाने एक उरते हे त्यांना कितीदा सांगायचं? काशीसाठी थांबू. दिवस भरपूर आहेत.

२५ नोव्हेंबर
झाल्या! काशीच्या काल रात्री पुऱ्या झाल्या. अकरा टोपल्या, अगदी सारख्या. अख्ख्या श्रीवर्धनात असा हिशेब कुणाला जमला नसता. सासूबाईंना दाखवत होते, तेवढ्यात नलूने तोंड उघडलं. म्हणे, माझ्या निम्म्याशिम्म्या अण्णांनी वळल्यात. हे हसून म्हणाले, पडून पडून कंटाळा येतो, आणि पोरीची सहामाही होती.
म्हणजे हात बारा.
बाराने पाच उरतात. पुन्हा वळायला एकच रात्र. आता काय करू, असं सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, मला काय विचारतेस, मॅट्रिक तू झालीस.

२६ नोव्हेंबर, रात्री
पेटवल्या. दुसरं काय करणार? जाळ छान झाला. आजारी माणसाचा हात महादेव हिशेबात धरत नसावा. मला तशी खात्रीच आहे.
परतताना समुद्रावरून गार वारा होता. अंगणात पाऊल टाकताच ह्यांना शिंका सुरू झाल्या. मी उंबऱ्यात उभी राहून मोजत होते. चौथीला म्हटलं, पुरे हो आता. पाचवी आली.
मग थांबल्या. बाकी पाच.
हे निजायला गेलेत. मी सासूबाईंची तपकिरीची डबी शोधते आहे. निदान सहावी तरी यायला हवी.