खोगिराची तीन पानं

३ मार्च, मंगळवार
ताईने आज नवं पुस्तक कापलं. हजार पानांचा ठोकळा, हातात धरवत नाही — म्हणून ब्लेडने चार तुकडे करायचे आणि प्रत्येकाची पाठ दोऱ्याने शिवायची. शिवणकामच करते ती, तिला काय जड! लहानपणापासून हीच पद्धत. आधी ती वाचणार, मग उष्टा तुकडा मला. आज मात्र म्हणाली, "या वेळी तू पुढे हो. सलाईननंतर मला अक्षरं नाचताना दिसतात."

६ मार्च
चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, पहिला तुकडा उडवला. राजे सतरा, त्यांचे आजे-पणजे वेगळे. तलवारीला नाव आहे, रांधणाऱ्या बाईला नाही. पण दोन बहिणी आहेत — थोरली खिंडीत मशाल घेऊन पहारा देते, धाकटी कुरकुरत तिच्या मागे. त्यांच्यासाठी सगळं माफ. ताईला म्हटलं, थोरली अगदी तुझ्यासारखी, सगळ्यांवर हुकूम सोडते. हसली.

१० मार्च
दुसऱ्या तुकड्यात मशालवालीला विषारी बाण! पण धाकटीने दरीत उतरून डबीभर शेवाळ आणलं, जखम भरणारं. जीव भांड्यात पडला.

१५ मार्च
तिसऱ्यात नुसती सैन्यं चालताहेत. माझेच पाय दुखले.

१९ मार्च
मारली! थोरलीला मारून टाकली!

चौथ्या तुकड्यात छावणीत पोचल्यावर राजपुत्राच्या घोड्याचं खोगीर सुरू झालं. चामडं कसलं, नक्षी कसली, टाके किती. अशी वर्णनं मी उलटतेच. तीन पानं उलटली, तर पुढे 'पहाटे मशालवाली गेली'. संपलं. आणि शेवाळ? डबीभर आणलं होतं ना? लेखक साफ विसरला. खोगीर आठवतं, औषध आठवत नाही! माझ्या हातून काचेचा नंबर चुकला तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं. याला मात्र कुणी विचारत नाही.

२० मार्च
नवरा म्हणाला, "अगं, पुस्तकातली बाई ती." जेवताना त्याच्याशी बोलले नाही.

ताईला हा तुकडा कसा देऊ? तिची सलाईनं चालू आहेत. डॉक्टर काय म्हणाले विचारलं की "बघू म्हणाले" एवढंच सांगते. आणि वाचायला हे द्यायचं? नाही देणार. ती बरी झाली की वाचेल.

२३ मार्च
ताईने परत तुकडा मागितला. दुकानात राहिला म्हटलं.

"दुकान आहे की विहीर? त्यात गेलेलं वर येतच नाही."

मग मी सुटलेच — लेखक बिनडोक आहे, खोगिरावर तीन पानं घालवतो आणि शेवाळ विसरतो, तू वाचूच नकोस. ती ऐकत राहिली. वाद घातला नाही. ताई आणि वाद नाही!

२४ मार्च, मंगळवार
सलाईनला न्यायला गेले, तर ताई तयारच झाली नव्हती. म्हणाली, "आता जायचं नाही. औषध लागू पडत नाही, हे डॉक्टरांनी मागच्या महिन्यातच सांगितलं होतं. मी म्हटलं, अजून थोडं बघू. नाही झालं काही. तुला कसं सांगावं कळत नव्हतं. पुस्तक कापताना शेवट मी नेहमीच आधी वाचते गं. म्हणून तुला म्हटलं, या वेळी तू पुढे हो."

मी भांडलेच. म्हटलं, पण शेवाळ तो विसरलाच ना?

"नाही विसरला," ती म्हणाली. "खोगिराची पानं वाच."

२५ मार्च
वाचली. तिन्ही. थोरलीचं डोकं त्याच खोगिरावर टेकवलेलं होतं. धाकटी तिला शेवाळ लावत होती, डबी रिकामी होईपर्यंत.