तिसऱ्या रांगेत बसलेल्या आईचे मृत्युपत्र

मी, शालूबाई केरबा वरुटे, वय ८१, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, जिवंत असून पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. 'जिवंत' हा शब्द वकीलसाहेबांनी खोडू नये. मला अक्षरओळख नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. माझा एकुलता मुलगा डॉ. हंबीरराव विद्यापीठात प्राध्यापक आहे. क्षारपड रानं पिकाखाली आणण्याच्या संशोधनाबद्दल त्याला मोठा पुरस्कार मिळाला. काम खरं आहे. मिठानं पांढऱ्या पडलेल्या रानात ऊस उभा राहिलेला मी बघितलाय. त्याला वडिलांचं घड्याळ द्यावं. बंगल्यात मावत नाहीत म्हणून माझ्या ट्रंकेत कोंबलेल्या सत्काराच्या शालीही त्याच्याच. कसर लागली असल्यास त्यानं संशोधन करावं.

२. गेल्या वर्षी विद्यापीठात त्याचा सत्कार झाला. विद्यार्थ्यांनी त्याच्या बंगल्यातून माझा आणि माझ्या मयत नवऱ्याचा फोटो नेऊन स्टेजवर मांडले, चंदनाचे हार घातले, समई लावली. पोरांची चूक नाही. बंगल्यावर मला कुणी कधी बघितलंच नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत होते. हंबीरनं मला बघितलं, आणि फोटोला हात जोडून "आज आई असती तर" म्हणून भाषण सुरू केलं. टाळ्या पडल्या. फोटोत मी बरी दिसत होते, एवढं कबूल.

सून स्नेहल एकटी उठली. स्टेजवर जाऊन माझ्या फोटोचा हार काढला आणि खाली येऊन माझ्याशेजारी बसली.

नंतर हंबीर म्हणाला, "आई, एवढी मोठी माणसं समोर. काय सांगायचं त्यास्नी?"

मी म्हटलं, "म्हातारी मेली न्हाय, हितंच बसलीया, एवढंच की."

अब्रू घालवली म्हणून त्यानं स्नेहललाच घराबाहेर काढलं. ती माझ्याकडे राहते.

३. म्हशी पाळून, डेअरीला दूध घालून मी बांधलेलं दोन खोल्यांचं घर स्वकष्टार्जित आहे. हंबीरला तिथं स्वतःच्या नावाचं संशोधन केंद्र काढायचंय. घर, त्यातली भांडी आणि बँकेतली शिल्लक पूर्णपणे स्नेहलची. तिला तिथून कुणी उठवू नये.

४. अग्नी हंबीरनं द्यावा. पण आधी जमलेल्या पावण्यांसमोर मोठ्यानं सांगावं, की आई आज गेली, सत्काराच्या दिवशी जिवंत होती आणि मला ठाऊक होतं. जीभ उचलली नाही, तर त्यानं बाजूला व्हावं. अग्नी स्नेहल देईल. तिला मी विचारलंय. ती व्हय म्हणाली.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे.

डाव्या हाताचा अंगठा: शालूबाई केरबा वरुटे

साक्षीदार, आमच्या डोळ्यांदेखत अंगठा उठवला:
१. पिराजी बाळासो खाडे, शेजारी (सही)
२. त्रिशला पार्श्वनाथ मगदूम, शेजारीण (सही)

कोल्हापूर, दि. १४ नोव्हेंबर २०२४