झुल्मिरामावशीचा पिवळा खडा

सांता रिता, ४ मार्च १९७८

चि. योलांदा हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच ऐक. आबिलियोने मला मागणी घातली आहे. हसू नकोस! तोच, जो खाणीवर खडे धुतो आणि दर शनिवारी माझ्या चुलीपाशी बसून घेवडा-भात हाणतो. माझा नवरा, तुझा काका जुव्हेंतिनो, एका भांडणात घर सोडून गेला तो गेलाच. आता देवाघरीही गेला, त्यामुळे पाद्रीबाबांची हरकत नाही.

आबिलियोने पिवळाधमक खडा दिला आहे. मला वाटतं पुष्कराज. शेजारची युफ्राझिया म्हणते, जांभळा स्फटिक भाजून पिवळा करतात आणि पुष्कराज म्हणून गळ्यात मारतात. खडा खोटा निघाला तर माणूसही खोटा, मी त्याला दारात उभं करणार नाही. एकदा फसले तेवढं पुरे. तू दगडांचंच शिकतेस, तर कसं ओळखायचं ते लगेच कळव.

तुझी मावशी झुल्मिरा

बेलो ओरिझोंती, ११ मार्च

ती. मावशीस योलांदाचा सा. न. वि. वि.

नवरी मुलीचं अभिनंदन! आता धडा ऐक. या सगळ्या दगडांत सिलिकॉन असतं. त्याला चार हात, प्रत्येक हातात एक ऑक्सिजन, अशी त्यांची चौकडी. स्फटिकात त्या प्रत्येक ऑक्सिजनचा दुसरा हात शेजारच्या सिलिकॉनने धरलेला असतो. चहूकडून नुसती धराधरी. म्हणून तो सहजी फुटत नाही, आणि फुटलाच तर बाटलीच्या काचेसारखा वेडावाकडा. तू ज्या शंखजिऱ्याच्या मऊ दगडाची भांडी घडवतेस त्यात ही धराधरी पापुद्र्यापुरतीच, म्हणून तो हाताला बुळबुळीत लागतो. पुष्कराजात प्रत्येक चौकडी सुटी, मध्ये दुसरीच मंडळी. तो कठीण खरा, पण नेमक्या जागी एक टोला बसला की सरळ दोन फाका.

पण तू टोला घालू नकोस! ईस्टरला येते, तेव्हा पाण्यात तोलून सांगेन.

तुझ्या हातच्या घेवड्याची भुकेली,
योलांदा

सांता रिता, २० मार्च

चि. योलांदास आशीर्वाद.

तू थांब म्हणालीस आणि मी थांबले, असं कधी झालंय का? खडा ऐरणीवर ठेवला आणि हातोडी घातली. मेला फुटेचना. हात दुखून आला तेव्हा कुठे फुटला, तो फुटक्या बाटलीसारखा वेडावाकडा. स्फटिक! मी ॲप्रन तोंडाला लावून रडले.

शनिवारी आबिलियोला उंबऱ्यावरच फैलावर घेतलं. तो टोपी हातात धरून उभा. म्हणाला, त्याने पुष्कराज हा शब्द उच्चारलाच नव्हता. डबी उघडताच मीच पुष्कराज, पुष्कराज म्हणून युफ्राझियाला हाका मारल्या. मग सगळ्या गल्लीदेखत मला खोटं पाडणं त्याच्या जिवावर आलं. आठवून पाहिलं, तर तसंच झालं होतं गं.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. पुष्कराजाशी मी एकदा संसार केला आहे, बाई. एका टोल्यात सरळ दोन फाका. आता चहूकडून धरून राहणाराच बरा. आबिलियोला आत घेतलं, पान वाढलं. लग्न मे महिन्यात आहे. मोठा तुकडा तो अंगठीसाठी घासतो आहे.

युफ्राझियाला मात्र पुष्कराजच सांगितलंय. आलीस की तिच्यासमोर तुझी विद्या पाजळू नकोस. तिचा समज आहे तसाच राहू दे.

तुझी मावशी झुल्मिरा